इजिप्तच्या जुन्या चित्रप्लेट्स प्रदर्शनात लावायच्या आहेत: कोणत्या घ्याव्यात, कशा छापाव्यात?

कोरणी_करवीर

मंडळी नमस्कार. कोल्हापुरात एका कला महाविद्यालयाच्या दालनात डिसेंबरमध्ये छोटं प्रदर्शन मांडायचं चाललंय. विषय: फोटोचा सुळसुळाट होण्याआधी इजिप्तची मंदिरं, थडगी, भिंतीवरची चित्रं प्रवाशांनी आणि अभ्यासकांनी कागदावर कशी उतरवली. वीस-बावीस प्रती, बहुतेक ए२ आकारात. बघणारे म्हणजे पेंटिंग आणि अप्लाइडची मुलं, इतिहासाचे शिक्षक, शाळांच्या सहली.

चित्रं इंटरनेटवर ढिगानं आहेत, अडतंय ते निवडीपाशी. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेचा मोठा ग्रंथ, इटालियन शोधक बेल्झोनी, स्कॉटिश चित्रकार रॉबर्ट्स, जर्मन अभ्यासक लेप्सियस ही नावं माहीत आहेत. पण कोणाचं चित्र कशापुरतं खरं धरायचं हे प्रत्येक फलकावर लिहायचं आहे. चित्रलिपी नीट उतरली आहे का, हे ती वाचता न येणाऱ्याला ओळखता येतं का? ए२ ला रेषा फुटू नयेत म्हणून स्कॅन किती मोठं लागेल?

शिवाय एक दिवस मुलांना खिद्रापूरला नेऊन कोपेश्वर मंदिराच्या भिंतीचा तुकडा त्याच जुन्या पद्धतींनी काढायला लावायचा विचार आहे. कॅमेरा ल्युसिडा (समोरचं दृश्य कागदावर पडल्यासारखं दाखवणारं लोलकाचं साधन) इथं बनवता येईल का? आणि ते ओल्या कागदाचे ठसे घ्यायचे म्हणतात, ते चालतील का?

तांब्याचा_पत्रा

फलक लिहायच्या आधी एवढं पक्कं करा, की छापलेली प्लेट हे एका माणसाचं काम नसतं. भिंतीसमोर बसून पेन्सिलीनं काढणारा एक. मुक्कामावर ते स्वच्छ करणारा कधी तोच, कधी दुसरा. युरोपात ते तांब्याच्या पत्र्यावर किंवा लिथोच्या (सपाट दगडावर चित्र काढून त्यावरून छापायच्या पद्धतीच्या) दगडावर चढवणारा तिसरा, आणि त्यानं बहुतेक वेळा इजिप्त पाहिलेलंच नसायचं. हातानं रंग भरणारे आणखी वेगळे. त्यामुळं 'हे चित्र खरं का?' असं विचारून उत्तर मिळत नाही. चूक कुठल्या पायरीवर शिरली ते शोधावं लागतं. सुरुवात प्लेटच्या तळापासून करा: चित्राखाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काढणाऱ्याचं नाव असतं, उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं. ही दोन्ही नावं फलकावर आली पाहिजेत. स्कॅन कातरताना लोक पहिल्यांदा हीच पट्टी उडवतात.

आता नेपोलियनच्या मोहिमेचा ग्रंथ, म्हणजे 'देस्क्रिप्सियों द लेजिप्त'. मोहीम १७९८ ते १८०१, सैन्यासोबत दीडशेच्या वर विद्वान, इंजिनिअर, चित्रकार. छपाई १८०९ ला सुरू झाली आणि जवळजवळ वीस वर्षं चालली. प्लेटचा कागद साधारण ७० × ५४ सेंटिमीटर, काही प्लेट त्याहून मोठ्या. छपाई तांब्याच्या पत्र्यावरून, एचिंग (आम्लानं खोदलेली रेषा) आणि हातची कोरणी दोन्ही मिसळून.

यात मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट म्हणजे आकाश. इजिप्तचं निरभ्र आकाश आणि मंदिरांच्या कोऱ्या भिंती हातानं रेषारेषांनी भरायच्या तर महिने जातात. निकोला-झाक कोंते यानं त्यासाठी पत्र्यावर समांतर रेषा ओढणारं यंत्र बनवलं. रेषांमधलं अंतर क्रमानं बदलता यायचं, त्यामुळं वर गडद आणि क्षितिजाकडं फिकट असा उतार मिळायचा. (ग्राफाइटच्या भुकटीत माती मिसळून, भाजून पेन्सिलीची कांडी करायची रीतही त्याचीच, १७९५ ची. तुमची मुलं आज ज्या पेन्सिली वापरतात त्या त्याच कुळातल्या.) मोहिमेत पेन्सिली संपल्या तेव्हा बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या वितळवून कांड्या ओतल्या होत्या. शिशाची रेषा फिकी, करडी येते आणि कितीही दाबलं तरी काळी होत नाही, मग सावलीचे टप्पे कमी पडतात. हा फरक दालनात मांडता येईल: शिशाची तार मिळते, पण ती मुलांच्या हातात देऊ नका, काचेखाली दोन रेघा पुरे.

खरं काय धरायचं? नकाशा, छेद आणि दर्शनी भाग. झोलुआ आणि व्हिलिए द्यु तेराज यांच्यासारखी नुकतीच इंजिनिअर झालेली पोरं त्या कामावर होती आणि मोजमापात त्यांचा हात पक्का होता. 'मंदिर मूळचं असं दिसत असेल' अशा पुनर्रचनेच्या प्लेट मात्र वेगळ्या काढा. पुजाऱ्यांच्या मिरवणुकी, झेंडे, झकपक रंग... बांधणीचं माप खरं, माणसं कल्पनेतली. त्यातली एक जरूर लावा, पण फलकावर तसं लिहून.

चित्रलिपीच्या बाबतीत सावध. शाँपोलियोंनं ती उलगडली १८२२ ला. बहुतेक रेखाटनं आणि बऱ्याच प्लेट त्याच्या आधीच्या. मोठ्या दर्शनी चित्रांत खांबांवरच्या खुणा कित्येकदा नक्षी भरावी तशा भरलेल्या आहेत. एखाद्या लेखासाठी स्वतंत्र दिलेल्या प्लेटमध्ये काळजी जास्त दिसते.

याला अपवाद रोझेटा शिळेचा, म्हणजे एकच मजकूर चित्रलिपीसह तीन लिप्यांत कोरलेल्या दगडाचा. १७९९ च्या जुलैमध्ये ती सापडल्यावर कोणी नुसतं बघून काढत बसलं नाही, शिळेलाच छापायचा पत्रा केलं. मोहिमेचा छापखाना बघणाऱ्या मार्सेलनं शिळा धुतली, कोरलेल्या अक्षरांत पाणी ठेवलं, पृष्ठभागावर शाई फिरवली आणि ओला कागद दाबला: काळ्यावर पांढरी अक्षरं. कोंतेनं उलट केलं, शाई कोरीव खाचांत आणि पृष्ठभाग पुसलेला. तिसऱ्यानं, राफनो-देलीलनं, गंधकाचा साचा घेतला. पहिल्या दोन्हीत छाप उलटा येतो, तो आरशात किंवा कागद उजेडासमोर धरून मागून वाचावा लागतो. छापचित्रणाच्या वर्गाला लिनोच्या तुकड्यावर पाण्याची रीत आणि कोरणीची रीत शेजारी शेजारी करून दाखवता येईल. लिनो तेलकट असतो म्हणून पाणी धरत नाही, आधी बारीक पॉलिश पेपर मारून घ्या.

थीब्ज_ते_पन्हाळा

वरच्या पोस्टमध्ये छपाईची बाजू आली. निवडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सुटी चित्रं लावू नका. एकच भिंत दोन-तीन हातांनी काढलेली शेजारी लावा. फलकाचं निम्मं काम तिथंच होतं.

पहिली जोडी वीणावादकांची. राजांच्या खोऱ्यात तिसऱ्या रामसेसच्या थडग्यात दोन आंधळे वादक भिंतीवर रंगवलेले आहेत. जेम्स ब्रूस हा स्कॉटिश प्रवासी १७६८-६९ च्या सुमारास तिथं गेला, त्याचं पुस्तक छापलं गेलं १७९० मध्ये. त्यातला वादक बघा: अंगाचा पीळ, वस्त्राच्या चुण्या, सगळं ग्रीक-रोमन पुतळ्याचं. इजिप्तच्या चित्रात खांदे समोरून आणि चेहरा बाजूनं असतो, हे त्या चित्रात साफ पुसलं गेलंय. त्याच्या शेजारी 'देस्क्रिप्सियों'मधला तोच वादक, आणि मग इंग्रज अभ्यासक विल्किन्सनच्या १८३७ च्या पुस्तकातला. पन्नास वर्षांत डोळा कसा बदलला ते एका ओळीत दिसतं. विल्किन्सन १८२१ ते १८३३ इजिप्तमध्ये राहिला. राजांच्या खोऱ्यातल्या थडग्यांना १८२७ मध्ये रंगानं १ ते २१ आकडे त्यानंच घातले आणि आजचे क्रमांक त्यावरूनच पुढं चालतात.

दुसरा संच पहिल्या सेतीच्या थडग्याचा. प्रदर्शनाची मधली भिंत मी यालाच दिली असती. बेल्झोनीला हे थडगं ऑक्टोबर १८१७ मध्ये सापडलं. त्यानं आणि अलेस्सांद्रो रिच्ची या डॉक्टरनं आत बसून भिंतीच्या भिंती जलरंगात उतरवल्या, मेणात राळ आणि बारीक धूळ मिसळून साचे घेतले, आणि १८२१ ला लंडनला पिकॅडिलीत दोन दालनं पूर्ण आकारात उभी केली. मग १८२८-२९ ला शाँपोलियों आणि रोसेल्लिनी यांची फ्रेंच-तोस्कान मोहीम आली. त्यानंतर लेप्सियसची प्रशियन मोहीम, १८४२ ते १८४५. तिन्ही पिढ्यांनी काढलेलं एक दृश्य आहे: इजिप्शियन, आशियाई, नूबियन आणि लिबियन अशा चार लोकसमूहांची रांग. वस्त्रांची नक्षी, कातडीचा रंग, केसांच्या बटा प्रत्येकात वेगळ्या. ते शेजारी लावलं की 'रंग खरा कोणता?' असं मुलं आपोआप विचारतील. याचं उत्तर एका प्लेटवरून देता येत नाही. रंग भरणारे कारागीर युरोपात बसून मूळ जलरंगावरून किंवा टिपणांवरून भरत, आणि एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींतसुद्धा छटा बदलते.

इथंच दुसरी बाजूही लिहा. नोंद करणाऱ्यांनी हे थडगं खराबही केलंय. मेणाच्या साच्यांनी आणि ओल्या कागदाच्या ठशांनी भिंतीवरचा रंग उचलला गेला. शाँपोलियों-रोसेल्लिनींनी भिंतीचे दोन तुकडे कापून नेले, एक लूव्रमध्ये आणि एक फ्लॉरेन्सला. खांबाचा भाग लेप्सियसनं बर्लिनला नेला. त्यामुळं आज काही जागी चित्राचा सर्वांत पूर्ण पुरावा म्हणजे आधीची रेखाटनंच, आणि ती ज्यांनी काढली त्यांच्यातल्याच काहींनी नंतरचं नुकसान केलेलं.

तिसरा गट, जे आता उभंच नाही त्याचा. एलिफंटाइन बेटावरचं तिसऱ्या आमेनहोतेपचं छोटं मंदिर 'देस्क्रिप्सियों'मध्ये माप-नकाशासह आहे. १८२२ च्या सुमारास ते दगडांसाठी पाडलं. अश्मुनैनचा भव्य स्तंभमंडप, तोही १८२० च्या दशकात गेला. आरमंतचं क्लिओपात्राच्या काळचं 'जन्मगृह' (देवाच्या जन्माचं छोटं देऊळ) साखर कारखान्याच्या बांधकामात गेलं. (साखर कारखाना म्हटल्यावर आपल्याकडचा प्रेक्षक थबकणारच, तो फलक दाराजवळ लावा.) सुदानातले मेरोएचे पिरॅमिड कायो या फ्रेंच प्रवाशानं १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला काढले तेव्हा त्यातले बरेच शेंड्यापर्यंत शाबूत होते. १८३४ मध्ये फेर्लिनी नावाच्या इटालियन डॉक्टरनं खजिन्याच्या शोधात कित्येकांचे शेंडे उतरवले. कायोची प्लेट आणि आजचा फोटो, एवढीच जोडी पुरे.

'स्फिंक्सचं नाक नेपोलियनच्या तोफांनी उडवलं ना?' असं कोणीतरी विचारणारच. डॅनिश नौदलातला नॉर्डेन १७३७ मध्ये गेला होता, त्याचं चित्र १७५५ ला छापलं. नाक त्यात नाही. नेपोलियन तेव्हा जन्मलेलाही नव्हता.

लेप्सियसचा ग्रंथ १८४९ ते १८५९, १२ खंड, ८९४ प्लेट. लिपी कळणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली झालेलं काम आहे, म्हणून लेखांसाठी हा पहिला आधार. खोट एवढीच, की एर्न्स्ट आणि माक्स वायडेनबाख या भावांचा हात इतका साफ, की वेगवेगळ्या काळातले चेहरे एकाच वळणाचे वाटायला लागतात. जुन्या राजवटीचा कोरीवकार आणि रामसेसच्या काळातला कोरीवकार यांच्यातला फरक रेषेत बुजतो. शैली दाखवायची असेल तर लेप्सियस घेऊ नका, मजकूर दाखवायचा असेल तर जरूर घ्या.

डेव्हिड रॉबर्ट्स (प्रवास १८३८-३९, लिथोग्राफ लुई हागचे) मी वगळला असता. माणसं लहान काढून खांब थोराड करायची त्याची खोड आहे, आणि लेख म्हणजे नुसता आभास.

उलट ज्याचं कोणी नाव घेत नाही तो स्कॉटिश प्रवासी रॉबर्ट हे ('हे' हे आडनाव). १८२४ ते १८३४ या काळात त्यानं बोनोमी, कॅथरवुड, अरुंडेल असे चांगले हात पगारावर ठेवले आणि कॅमेरा ल्युसिडानं शेकडो रेखाटनं करून घेतली. त्यातलं अगदी थोडं छापलं गेलं, बाकी ४९ खंडांत ब्रिटिश लायब्ररीत हस्तलिखित म्हणून आहे. मधे कोरणारा आलाच नाही, म्हणून भिंतीच्या सर्वांत जवळची रेषा तिथं सापडते.

लिपी न वाचता तपासणी: माणसं, पक्षी, प्राणी यांच्या खुणा ज्या दिशेला तोंड करतात तिकडून ओळ सुरू होते. देवाच्या किंवा राजाच्या आकृतीजवळचा मजकूर सहसा त्याच आकृतीच्या दिशेला बघतो. एकाच ओळीत काही पक्षी डावीकडं आणि काही उजवीकडं बघत असतील तर काढणाऱ्यानं अंदाजानं भरलंय. राजाचं नाव लंबगोल चौकटीत असतं. त्याच राजाची चौकट त्याच प्लेटवर चार ठिकाणी असेल आणि चारही ठिकाणी खुणा वेगळ्या असतील, तर आधी राजाची दुसरी नावं किंवा लिहायची वेगळी रीत तर नाही ना ते बघा, मगच संशय घ्या. अख्खी प्लेट आरशासारखी उलटी छापली असेल तर ही कसोटी चालत नाही, कारण सगळंच एकत्र उलटतं. तिथं दाराची बाजू, शेजारची भिंत आणि आजचा फोटो ताडून बघावा लागतो. खालची अक्षरं सुलटी आहेत म्हणून चित्र सुलटं, असं धरू नका. अक्षरं नंतर कोरतात.

अजिंठ्याचा एक फलक शेवटी जोडायला हरकत नाही. रॉबर्ट गिलनं १८४४ पासून केलेल्या नकलांपैकी बऱ्याच १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढं जे.जे.च्या ग्रिफिथ्सनं विद्यार्थ्यांकडून १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा करून घेतल्या, त्यातल्याही अनेक १८८५ च्या आगीत जळाल्या.

तांब्याचा_पत्रा

रॉबर्ट्स वगळण्याला माझा विरोध. एक तरी लावा, कारण सहलीतली मुलं तिथंच थांबतात. शेजारी त्याच मंदिराचा 'देस्क्रिप्सियों'मधला मापाचा दर्शनी भाग ठेवा आणि दोन्हीत खांबाच्या बुंध्याशी उभा माणूस किती वेळा खांबात बसतो ते मोजायला सांगा. खोड वगळून कळत नाही, मोजून कळते. शिवाय दगडावरून येणारा करडा पोत आणि तांब्याची रेषा यांतला फरक दाखवायला तुमच्याकडं दुसरं काही नाही.

मोजपट्टी_ओळंबा

खिद्रापूरचा भाग मी घेतो.

ठशांचं आधी. कोपेश्वर संरक्षित स्मारक आहे. पुरातत्त्व विभागाच्या लेखी परवानगीशिवाय ओला ठसा, शाईचा ठसा, कागद ठेवून पेन्सिल घासणं, खडूनं रेषा भरणं यातलं काहीही करायचं नाही. परवानगी मिळाली तरी मुलांच्या पहिल्या प्रयोगाची ती जागा नव्हे. ठसा वर्गातच करा. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर पाच-सहा मिलिमीटर खोल दोन-चार खुणा कोरा. प्लास्टरच्या लादीवर करणार असाल तर आधी लाखेच्या पातळ द्रावणाचे दोन हात देऊन वाळवा, नाहीतर प्लास्टर पाणी शोषतं आणि कागद चिकटून फाटतो. कागद खळ न दिलेला, टीपकागदासारखा. फरशी ओली करा, भिजलेला कागद पसरा, दाट केसांच्या ब्रशनं मधून कडेकडं ठोकत जा. कडेकडून मध्ये ठोकलं की हवा अडकते आणि तिथं अक्षर उमटत नाही. कागद खाचेत फुटला तर त्यावर दुसरा थर, मग तिसरा. पूर्ण वाळल्यावरच सोडवा. डिसेंबरमध्ये दिवसभरात होतं, पावसाळ्यात नाद सोडा. फरशीला लागलेली बाजू उलटी आणि उठावाची येते, तिरक्या उजेडात वाचायची. एकावर एक रचून ठेवले की दबून सपाट होतात. लेप्सियसचे हजारो ठसे बर्लिनमध्ये अजून कामाला येतात, पण दगडावर रंग असेल तिथं ही पद्धत रंगाचा थर घेऊनच निघते. सेतीच्या थडग्याचं वर आलंच आहे.

कॅमेरा ल्युसिडा. वोलास्टननं १८०६ मध्ये पेटंट घेतलं. मूळचा लोलक चार बाजूंचा, कोन ९०, ६७.५, १३५ आणि ६७.५ अंश. प्रकाश आत दोनदा परावर्तित होतो म्हणून चित्र सुलटं दिसतं. डोळ्याची बाहुली लोलकाच्या कडेवर अर्धी ठेवायची: अर्ध्यात भिंत, अर्ध्यात कागद आणि पेन्सिलीचं टोक. बरेच जण घरी नुसती काच ४५ अंशांवर लावतात. त्यात एकच परावर्तन होतं आणि आरशासारखं उलटं चित्र मिळतं. चित्रलिपीसारख्या दिशेवर चालणाऱ्या मजकुराला ते घातक. दोन पृष्ठभाग हवेतच: भिंतीकडं आरसा, डोळ्याकडं काच, दोघांमधला कोन १३५ अंश. काच म्हणजे सूक्ष्मदर्शकाची १ मिलिमीटर जाडीची पट्टी, जाड काचेत दुहेरी रेषा दिसते. आरसा वरच्या पृष्ठभागावर मुलामा असलेला पाहिजे. साध्या आरशात काचेच्या मागं मुलामा असतो, तिथंही दुहेरी रेषा. भंगारात गेलेल्या झेरॉक्स मशीनमध्ये किंवा स्कॅनरमध्ये असे लांबट आरसे मिळतात.

माप सोपं आहे. कागद डोळ्यापासून ३० सेंटिमीटर खाली आणि भिंत ३ मीटरवर असेल तर चित्र १:१० येतं. भिंत दीड मीटरवर असेल तर १:५. पण ३ मीटरवरची भिंत आणि ३० सेंटिमीटरवरचा कागद डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. भिंतीच्या बाजूला आरशासमोर उणे ३ नंबरचं भिंग बसवा, चष्म्याच्या दुकानात सुटं मिळतं. त्यानं भिंतसुद्धा साधारण ३० सेंटिमीटरवर असल्यासारखी दिसते. हे नाही केलं तर डोकं किंचित हललं तरी रेषा सरकते, आणि अर्ध्या तासात डोळे दुखायला लागतात.

उजेड: काळ्या पाषाणाची भिंत अंधारी, त्यामुळं पांढऱ्या कागदावर प्रतिमा धुऊन निघते. करडा कागद घ्या, तो सावलीत ठेवा आणि भिंतीवर ऊन तिरकं यायची वेळ साधा. प्रत्येकानं कागदावर आधी चार खुणेचे बिंदू ठेवावेत, भिंतीवरच्या चार ठळक कोपऱ्यांशी जुळणारे. दर दहा मिनिटांनी ते जुळतात का बघायचं. सरकले असतील तर त्यानंतरची रेषा ओढायची नाही, डोळा परत जागेवर आणायचा. कॅमेरा ल्युसिडा प्रमाण देतो, चित्रकला देत नाही. बारकावे शेवटी भिंतीजवळ जाऊन नुसत्या डोळ्यानंच भरायचे.

रेषेचा संकेत मुलांना आधी शिकवा. इजिप्तच्या भिंतींच्या आधुनिक रेखाटनात प्रकाश वरून डावीकडून ४५ अंशांनी येतो असं धरतात. उठावाच्या शिल्पात सावली उजवीकडं आणि खाली पडते, म्हणून त्या कडा जाड. भिंतीच्या पातळीच्या आत खोदलेल्या शिल्पात उलटं: वरची आणि डावी कड जाड. एवढ्यावर प्लेट बघून उठाव की खोदीव ते कळतं. जुन्या बऱ्याच संग्रहांत सगळीकडं एकाच जाडीची रेषा आहे, तिथं हे कळत नाही. फलकावर लिहिण्याजोगं आहे. खिद्रापूरला मात्र शिल्पं जवळजवळ पूर्ण गोलाईची, तिथं हा संकेत अपुरा पडतो. गजथराच्या वरच्या-खालच्या पट्ट्या या रेषेनं काढा, हत्तींना मात्र बाजूला एक छेदरेषा द्या: सोंड भिंतीपासून किती पुढं आली ते ओळंबा सोडून मोजून.

आणि तुलना म्हणून शिकागो विद्यापीठाच्या मोहिमेची, म्हणजे शिकागो पद्धत सांगा. लक्सरला १९२४ पासून चालू आहे. मूळ रीत अशी: भिंतीचा मोठा फोटो, त्यावर भिंतीसमोर उभं राहून पेन्सिलीनं रेखाटन, मग शाई, मग फोटो रसायनानं घालवून फक्त रेषा उरतात. तिची निळी प्रत काढून लिपीचे जाणकार एकामागून एक भिंतीशी ताडतात आणि दुरुस्त्या पुन्हा चित्रकाराकडं जातात. खिद्रापूरला याचं लहान रूप जमेल: ए३ वर फिकट छापलेला फोटो, त्यावर एकानं काढायचं आणि दुसऱ्यानं लाल पेन्सिलीनं भिंतीशी ताडायचं. काढणाऱ्यानंच तपासलं तर आपली चूक त्याला दुसऱ्यांदाही दिसत नाही.

कोरणी_करवीर

जबरदस्त. ठसे वर्गातच, ठरलं. रॉबर्ट्स एक ठेवतो, मापाच्या प्लेटशेजारी. छपाईचं कोणी सांगेल का? शिवाय भांडारात दोन जुन्या फ्रेम निघाल्यात, इजिप्तच्या मंदिरांच्या. त्या मूळ लिथोग्राफ आहेत की नंतरचं पुनर्मुद्रण, हे फ्रेम न उघडता कळेल का?

शाई_आणि_जीएसएम

ए२ म्हणजे ४२ × ५९.४ सेंटिमीटर. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ४९६१ × ७०१६ पिक्सेल. हाताच्या अंतरावरून बघायच्या कोरणीसाठी एवढं पाहिजेच. रॉबर्ट्ससारख्या लिथोला २०० वर भागतं, म्हणजे ३३०७ × ४६७७. 'देस्क्रिप्सियों' बिब्लियोथेका अलेक्झांड्रिना आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संकेतस्थळांवर आहे, लेप्सियस हाले विद्यापीठाकडं. पानावर दिसणारी छोटी प्रतिमा उतरवू नका, सर्वांत मोठी फाइल शोधा. चित्रांचा कॉपीराइट कधीच संपलाय. स्कॅन वापरायच्या अटी मात्र प्रत्येक संस्थेच्या वेगळ्या, त्या वाचून श्रेय द्या.

मोठा घोटाळा होतो तो वर सांगितलेल्या यंत्राच्या आकाशात. समान अंतराच्या बारीक रेषा आकार कमी करताना पिक्सेलच्या जाळीशी भांडतात आणि आकाशात लाटा उमटतात. आकार एकदाच बदला, तीन वेळा थोडा थोडा नको. कमी करायच्या आधी अगदी हलका ब्लर, नंतर शार्पन जवळजवळ नाहीच. मूळ ७० सेंटिमीटरचं पान ए२ वर साधारण ८० टक्के होतं, म्हणजे लाटांचा धोका आहेच. म्हणून पूर्ण पान छापायच्या आधी आकाश, खांब आणि लेख येईल असा १० × १० सेंटिमीटरचा तुकडा छापून बघा. इंकजेटवर छापा, त्यात ठिपके विखुरलेले असतात. ऑफसेटची जाळी लाटा दुप्पट करते. आणि आपल्या गावची सवय म्हणून फ्लेक्सवर तेवढं नका छापू राव!

कागद पिवळट दिसतो म्हणून ऑटो लेव्हल मारू नका. हातानं भरलेले फिके रंग पहिल्यांदा उडतात. चित्रातला 'एवढ्यास एवढं' असा छापील आकडा लहान केल्यावर खोटा ठरतो, रेषेची मोजपट्टी मात्र चित्राबरोबर लहान होते आणि खरीच राहते. फलकावर आकडा देऊ नका, मोजपट्टीकडं बोट दाखवा.

मॅट कागद २३० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) वर, पिगमेंट शाई. फ्रेममध्ये खिडकी कापलेला आम्लरहित माउंट घालाच, म्हणजे काच आणि कागद चिकटत नाहीत. आपल्या पावसात बुरशी तिथूनच धरते. फलकावर काढल्याचं साल आणि छापल्याचं साल वेगवेगळं लिहा. नॉर्डेनचंच बघा, १७३७ आणि १७५५.

तांब्याचा_पत्रा

फ्रेमसाठी दहापट भिंग काचेवर टेकवून बघा. आकाशात चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसली तर ऑफसेट, विषय संपला. दगडावरून छापलेल्या लिथोत ठिपके नसतात, खडूच्या रेघेसारखा अनियमित दाणा असतो, आणि हातानं भरलेला रंग बाह्यरेषेच्या बाहेर कुठंतरी ओघळलेला सापडतो. तांब्याची कोरणी असेल तर चित्राभोवती पत्र्याची दाबलेली चौकट दिसते आणि शाई कागदावर किंचित उंच असते, बाजूनं टॉर्च मारून बघा. दाणाही आहे आणि रंगही सपाट, एकसारखा, तर नंतरचा रंगीत लिथो असू शकतो: प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, म्हणून कडेला एखाद्या रंगाची पट्टी अर्धा मिलिमीटर सरकलेली मिळते.

रॉबर्ट्सच्या बाबतीत आकारही मोजा. पहिली आवृत्ती मोठ्या फोलिओत होती, १८५५-५६ ची लहान आकारात निघाली. लहान आहे म्हणून खोटी नव्हे, ती दुसरी आवृत्ती असू शकते. माउंटखाली चित्राच्या तळाशी मजकूर दडलेला असेल, त्यासाठी मात्र फ्रेम उघडावी लागेल. ते काम मागचा कागद ओलावून स्वतः करू नका, कागदाची डागडुजी करणाऱ्याकडं द्या. मागं पुठ्ठ्याला गोंदानं चिकटवलेलं असेल तर ओढलं की तुकडेच हातात येतात.

मोजपट्टी_ओळंबा

खिद्रापूरला जाताना एक राहिलं: ओळंब्याची दोरी वाऱ्यानं हलते, वजन पाण्याच्या बादलीत बुडवून सोडा. आणि स्वर्गमंडपातली जागा सकाळीच धरा, दुपारी वरच्या गोल उघड्या छतातून ऊन थेट कागदावर पडतं आणि ल्युसिडात काहीच दिसत नाही.